मिठागरावरचं दुपारचं ऊन

डोळे गेल्यावरही इव्होनिकला मिठागराच्या बांधावर अडखळताना कोणी पाहिलं नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ग्वेरांदच्या खाजणात त्याचा जन्म गेलेला. बांध जेमतेम हातभर रुंद, पण पायांना तो पाठ होता. वाफ्यावर मिठाची साय धरली की व्हायोलेटच्या फुलांसारखा वास सुटतो. त्या वासावर तो लांब दांड्याची फळी टाकायचा आणि अलगद मीठ ओढायचा. डोळ्यांचं दुखणं घराण्यातलंच. चाळिशीत रात्रीचं दिसेना, मग कडेचं, आणि साठीला सगळाच काळोख.

त्याची मुलगी मायवेन त्याला पॅरिसला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी समजावलं, की डोळ्यातल्या उजेड ओळखणाऱ्या पेशी मेल्या आहेत, पण मेंदूला निरोप देणाऱ्या अजून जिवंत आहेत. उजेडाकडे पोहत जाणाऱ्या एका शेवाळाचा गुण सुईने त्यांच्यात सोडायचा आणि खास चष्म्यातून नारिंगी उजेड पाडायचा. उजेड पडला, की त्या जाग्या होतील.

"म्हणजे आमच्या खाजणातलं शेवाळ माझ्या डोळ्यात?"

"त्याचं चुलत भावंड म्हणा."

"मग जमेल. आमची जुनी ओळख आहे."

बाई हसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "या पेशी गेल्या तर पुन्हा उगवायच्या नाहीत. उजेड बेतानेच द्यायचा. चष्मा काढला की लगेच काळा चष्मा. आणि दुपारच्या उन्हात मिठागराकडे फिरकायचं नाही."

सुई टोचून घेतल्यावर काही महिन्यांनी चष्म्यातून काळ्या चिखलावरची मिठाची पांढरी रास त्याला दिसली. बघायचं म्हणजे मान सारखी हलवत राहायचं. नजर थांबली की वस्तू विरून जाई. रास दिसली, बांध दिसला, टेबलावरचा वाडगा दिसला. मायवेनचा चेहरा मात्र नुसता राखाडी डाग. तो डाग त्याला झोपू देईना.

ऑगस्टात शेजारची सोइझिक त्याच्यासाठी काळ्या गव्हाचे घावन घेऊन भर दुपारी वाफ्यांकडे आली. इव्होनिक उघड्या डोळ्यांनी पाण्याकडे तोंड करून उभा. दोन्ही चष्मे खिशात.

"काय रे घुबडा, कुणावर डोळा ठेवून आहेस? वाफ्यात कोणी पोरगी उतरलीय का?"

"सोइझिक, चष्म्याशिवाय दिसतंय गं! परवापर्यंत नुसतं पांढरं होतं. आज त्यात बांध हलला."

"बाईंनी नको म्हटलं होतं ना?"

"त्यांनी मिठागर कुठे पाहिलंय? मीठ पिकतं ते उन्हानं. चष्म्यातल्या एवढ्याशा दिव्यावर काय पिकणार?"

"मायवेनला ठाऊक आहे?"

"बोलू नकोस हं तिला. तिचा चेहरा एकदा मला दिसू दे, मग मीच सांगेन."

सोइझिकला ते पटलं नव्हतं. पण इतक्या वर्षांनी तो हसत होता, म्हणून ती गप्प राहिली.

तो रोज दुपारी जाऊ लागला. मग डोळे मिटले तरी पांढरं हटेना. डोळ्यातून पाणी गळे. एका संध्याकाळी साय धरली होती, वास सुटला होता, आणि तो वाफ्याजवळून तसाच पुढे निघून गेला. सोइझिकने हाक मारली तेव्हा म्हणाला, "दिसली नाही." वास घ्यायचं तो विसरलाच होता.

शनिवारी मायवेन आली. तिने सफरचंदाच्या सायडरचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतः समोर बसली. इव्होनिकने चष्मा चढवला. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, मग पुन्हा, जरा जोरात. हात टेबलावरून चाचपडत गेला आणि वाडगा कलंडला.

"बॅटरी उतरली बघ," तो म्हणाला. "चार्जिंगला लाव जरा."

मायवेन पुढे वाकली. त्याच्या उघड्या डोळ्यावर नारिंगी उजेड थरथरत होता.

"लावते, बाबा," ती म्हणाली. तिने चष्मा हळूच काढून घेतला. उजेड आता तिच्या तळहातावर पडला होता, आणि इव्होनिक अजूनही मान हलवत होता.