पाव फेरा कमी

पुण्याहून निघताना माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, चष्म्याचा जादा जोड आणि एक पुस्तक. दुसरीत माझ्या धाकट्या बहिणीचे, नीलूचे, चाकांचे बूट. पहिली पिशवी मी कुठेही विसरले असते. दुसरी विसरणं शक्य नव्हतं. ती उचलली की खांदा आपोआप तिच्या बाजूला झुकत होता.

नीलूला जाऊन चार महिने झाले होते. तिने सारं आयुष्य मुलींना चाकांच्या बुटांवर गिरक्या घ्यायला, हवेत उडायला आणि पाठमोरं उतरायला शिकवलं. मी तेवढाच काळ कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारले आणि तिच्या कामाला ‘पडण्याचा क्लास’ म्हटलं. तिला ते नाव आवडायचं. त्यामुळे माझ्या टोमण्याची सगळी मजा जायची.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या बाईंना त्यांचा मुलगा पोथी वाचून दाखवायचा. आमच्या खाटेवर मोबाईल चालू असायचा. मुरुमच्या शिवलीला नावाच्या तिच्या विद्यार्थिनीने पाठवलेले उड्यांचे व्हिडिओ नीलू डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, “पाव कमी.” एवढंच. डॉक्टर काय म्हणाले हे तिने एकदाही विचारलं नाही.

“ताई, माझे बूट शिवलीलाला दे,” ती मला म्हणाली. “तिच्या मापाचे आहेत. पण तिची डबल ॲक्सल पुरी पडेल त्या दिवशी. त्याआधी ती रडली तरी देऊ नकोस.”

मी हो म्हटलं. अशा वेळी हो म्हणायला कष्ट पडत नाहीत. कष्ट नंतर पडतात, पिशवी उचलताना.

डबल ॲक्सल म्हणजे काय, हे मी नीलूच्या सरावाच्या वहीतून शिकले. तोंड पुढे ठेवून उडायचं, हवेत अडीच वेळा फिरायचं आणि एका पायावर, पाठमोरं उतरायचं. नावात दोन आणि अंगावर अडीच. टीव्हीवर बर्फावरच्या मुली आता चार-चार फेरे मारतात म्हणे. मुरुमला बर्फ फक्त रसवंतीत मिळतो, म्हणून शिवलीला चाकांवर उडते. नळदुर्गला विभागाची निवड स्पर्धा होती आणि ती तिथे ही उडी मारणार असल्याचा तिचा निरोप आला होता. म्हटलं, जावं, उडी बघावी, बूट द्यावेत आणि मोकळं व्हावं.

सोलापूरहून उमरग्याची एसटी धरली. बोरामणीच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि वरच्या फळीवरची पिशवी शेजारच्या फेटेवाल्या आजोबांच्या पायाशी पडली. नशीब त्यांचं, आणि माझंही.

“काय लोखंड भरलंय काय बाई?” ते म्हणाले.

“चाकांचे बूट आहेत.”

त्यांनी एक बूट हातात घेऊन तोलला. “आन् हे घालून काय करत्यात?”

“उडतात.”

आजोबांनी बुटाचं एक चाक बोटाने फिरवून बघितलं. “आमी अनवाणी न्हाय उडलो कधी,” असं म्हणून त्यांनी तो अदबीने परत दिला.

दोन्ही बाजूंना काळी रानं मोकळी पडली होती. तुरी निघून गेलेल्या, खुंट तेवढे उभे. नळदुर्गचा किल्ला बसमधून दिसतो. तो पाहायला फक्त मी वाकले; बाकीच्यांचं लक्ष ढाब्याकडे होतं आणि ढाब्यावरची शेंगांची चटणी खाल्ल्यावर मला त्यांचंच बरोबर वाटलं.

स्पर्धा हमरस्त्यालगतच्या मंगल कार्यालयात होती. बाहेरच्या फ्लेक्सवर अकरा चेहरे होते. अकराही पुरुष, अकराही हात जोडलेले, आणि एकालाही चाकांवर उभं राहता आलं नसतं. मुलीचं चित्र कोपऱ्यात होतं, तेही बर्फावरच्या कुणा गोऱ्या मुलीचं, इंटरनेटवरून उचललेलं. स्पर्धेत उतरणाऱ्या नऊ मुलींपैकी एकीचाही फोटो नव्हता. अर्थात, त्यांनी हात कुठे जोडले होते?

आत फरशी गुळगुळीत, झकास. आणि फरशीच्या मधोमध रांगोळी. भली मोठी. पायात चाकांचे बूट घातलेला मोर. गावातल्या तीन बाया पहाटेपासून खपत होत्या. मोर खरोखर देखणा होता. फक्त मुलींना उड्या मारायची जागा तीच होती.

“प्रमुख पाहुणे बघूस्तोवर कुणी मोराला धक्का लावायचा न्हाय,” संयोजक माईकवरून सांगत होते. त्यांच्या हातातून माईक दिवसभर सुटला नाही. जेवतानाही तो ताटाशेजारी होता.

नऊ मुली मोराभोवती गोल गोल फिरून अंग गरम करत होत्या. पाहुणे दहाला येणार होते, ते एकला आले. तोवर अंगं गरम होऊन दोनदा गार झाली. पाहुण्यांनी मोर पाहिला, मोराबरोबर फोटो काढला, नारळ फोडला आणि भाषण केलं. “मुलींनी उंच भरारी घ्यावी,” ते म्हणाले, “पन पाय जमिनीवर ठेवावे.” टाळ्या पडल्या. या खेळाचं इतकं सविस्तर खंडन मी तरी कधी एका वाक्यात ऐकलं नव्हतं, आणि मी स्वतः बरीच वर्षं तोच प्रयत्न केला होता.

मग मोर पुसायचा प्रश्न आला. ओल्या फडक्याने पुसला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण शुभकार्याची रांगोळी ओल्या फडक्याने पुसू नये, असं कुणीतरी म्हणालं. म्हणून ती झाडूने झाडली. मोर गेला आणि अर्ध्या फरशीवर पांढऱ्या पिठाचा पातळ थर पसरला. परीक्षक बाई सोलापूरच्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

“असू द्या मॅडम,” संयोजक म्हणाले, “शुभ असतंय.”

पहिल्या तीन मुली त्या शुभावरून घसरून पडल्या. बाकीच्या शहाण्या निघाल्या. त्यांनी अर्धी फरशी सोडूनच दिली.

शिवलीला मला तोवर भेटली होती. सतरा वर्षांची, बारकी, वरचा एक दात अर्धा तुटलेला. बुटांना चांभाराने दोनदा ठिगळ लावलेलं. पिशवीकडे तिने एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही. तिचे वडील मल्लिनाथ मुरुमला डाळ मिलमध्ये काम करतात. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “मोठ्या मॅडम, तुमी तरी सांगा तिला. बाकीच्या पोरी सिंगल मारनारेत. ही बी सिंगल मारली तर पैली येती. पडली तर पुना दात.”

“मुलीचा दात लई महत्त्वाचा,” शेजारचे एक गृहस्थ न विचारता म्हणाले. “उद्या बघायला येतेत लोक.”

“आले तर दातच मोजू द्या त्यांना,” शिवलीला म्हणाली. “बैल बाजारात बी तेच करत्यात.”

मी काहीच सांगितलं नाही. मला ती उडी हवी होती. मला मोकळं व्हायचं होतं.

ती सरळ त्या पांढऱ्या भागात गेली. तोंड पुढे ठेवून आली, उडाली. मी मोजायचं ठरवलं होतं. एक म्हणेपर्यंत ती खाली होती. एका पायावर, पाठमोरी, हात पसरलेले. पडली नाही. त्या पिठावर ती एकटीच पडली नाही.

कार्यालय उसळलं. “अडीच गिरक्या! आपल्या जिल्ह्याची लेक!” माईक ओरडला. परीक्षक बाईंनी पूर्ण गुण मांडले. माझ्या शेजारी बसलेल्या तिच्या आईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. आणि मला, का कोण जाणे, रडू यायच्या आधी हायसं वाटलं.

बूट आणल्याची बातमी कुणी दिली देव जाणे. दोन मिनिटांत मी व्यासपीठावर होते. अंगावर शाल, हातात नारळ. संयोजक सांगत होते की कैलासवासी नीलिमाताईंच्या स्मरणार्थ हे बूट आता पाहुण्यांच्या हस्ते कन्येला दिले जातील. पाहुण्यांनी एक बूट उलटा धरला. फोटोवाल्याने सांगितल्यावर त्यांनी तो तसाच उलटा, पण उंच धरला.

कन्या मात्र व्यासपीठावर नव्हती. ती फरशीवर उकिडवी बसली होती. जिथे उतरली तिथे पिठात चाकांच्या दोन रेघा उमटल्या होत्या. ती बोट न लावता त्यांच्याकडे बघत होती.

मग ती उठून व्यासपीठाजवळ आली आणि मला हळूच म्हणाली, “पाव कमी हाय.”

“बोला, बोला, माईकवर बोला!” संयोजकांनी तिच्या तोंडापुढे माईक धरला.

“पाव फेरा कमी पडलाय,” ती माईकवर म्हणाली. “बूट नको.”

संयोजकांनी दिवसात पहिल्यांदाच माईक खाली घेतला. परीक्षक बाई उठून रेघांजवळ गेल्या. मीही गेले, शालीसकट. रेघा मागे सरळ गेल्या होत्या, पण सुरुवातीला त्यांना गळाच्या आकड्यासारखं वळण होतं. पाय आडवा टेकला होता आणि मग खाली आल्यावर फिरला होता. नुसत्या फरशीवर हे कुणालाच दिसलं नसतं. मोराने चुगली केली.

“खरंय,” परीक्षक बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर गुण कापले. शिवलीला दुसरी आली. निवड दोघींची होती, म्हणून ती टिकली; कप मात्र स्वच्छ सिंगल मारणाऱ्या मुलीला गेला.

“तुला कुनी इचारलं होतं का?” मल्लिनाथ पिकअपमध्ये बसताना म्हणाले. मला त्यांनी मुक्कामाला सोबत घेतलं होतं. मुरुम येईपर्यंत ते हाच प्रश्न निरनिराळ्या चालींत विचारत राहिले. मीही मनातून तोच प्रश्न विचारत होते. पिशवी माझ्या मांडीवर होती.

घरी, म्हणजे मिलने दिलेल्या खोलीत, तिच्या आईने दारातच “बर्री, बर्री” (या, या) म्हणून हाताला धरून आत नेलं. ही माणसं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतात आणि वाढताना दोन्ही भाषांत आग्रह करतात. येसराची आमटी (भाजक्या धान्याच्या मसाल्याची), ज्वारीची भाकरी आणि जिंकली असती तर म्हणून सकाळीच करून ठेवलेली हुग्गी (गव्हाची खीर). हरल्यावरही हुग्गी तेवढीच गोड होती. मी दोनदा घेतली.

जेवणानंतर मी पिशवी तिच्यापुढे सरकवली. “हे बघ, तुझे बूट फाटलेत. हे घातलेस तर फेरा पुरा होईल. आधी बूट, मग उडी. यात काय चूक आहे?” मला माझं तर्कशास्त्र फार आवडलं.

“मॅडम म्हनायच्या, फाटक्या बुटात पडती तीच आपली उडी,” ती म्हणाली. “आन् तुमाला त्यांनी तसं सांगितलं न्हवतं.”

“तुला काय माहीत त्यांनी काय सांगितलं?”

“मला बी फोन केलता. म्हनल्या, ताई मऊ हाय. ती आधीच द्यायला बघंल. तू घेऊ नको.”

चार महिने मी सगळ्यांसमोर कोरडी राहिले होते. त्या डाळ मिलच्या खोलीत, हुग्गीच्या वाटीसमोर, मला माझ्या बहिणीने पकडलं, आणि मी रडले.

सकाळी ती मला मिलच्या आवारात घेऊन गेली. तूर वाळवायची सिमेंटची जागा. डाळ करण्याआधी तुरीला तेल लावून इथे पसरतात. वर्षानुवर्षांच्या तेलाने ती फरशी काचेसारखी झाली आहे. मी चपला काढून तीन पावलं टाकली आणि खांब धरला. कालच्या रांगोळीवर ही पोरगी का घसरली नाही, ते त्या खांबाला मिठी मारून मला कळलं. तूर पसरलेली असली की सराव बंद, तूर उचलली की सुरू. नीलूच्या वहीत जागोजागी ‘तूर आहे’ असं लिहिलेलं होतं. मी ते जेवणाबद्दल समजत होते.

तिच्या आईने घमेल्यातून डाळीची भुकटी आणून जमिनीवर भुरभुरली. कालच्या मोराचा धडा एका रात्रीत मिलमध्ये पोचला होता.

शिवलीला उडाली. आकडा. पुन्हा उडाली. आकडा. तिसऱ्यांदा कोपरावर पडली. प्रत्येक उडीनंतर मी चष्मा नाकावर सरकवून वाकायचे आणि रेघा बघायचे. आयुष्यभर बारीक अक्षरं वाचल्याचा एवढाच उपयोग व्हायचा होता.

“साकु,” (पुरे) आई म्हणाली.

“इन्नोंदु,” (आणखी एक) लेक म्हणाली.

असं आठ उड्यांपर्यंत चाललं. मल्लिनाथ पोती उचलायचं सोडून दारात उभे होते. आता ते काही विचारत नव्हते. नवव्यांदा आई भुकटी भुरभुरताना स्वतःच “इन्नोंदु” म्हणून गेली.

माझ्या बसची वेळ झाली होती. शिवलीला शेवटची उडाली, उतरली, थांबली. यावेळी तिने खाली बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

“सांगा.”

मी वाकले. रेघ जवळजवळ सरळ होती. जवळजवळ. मी हो म्हटलं असतं तर कुणी तपासलं नसतं. बूट गेले असते, पिशवी गेली असती, आणि मी हलक्या हाताने पुण्याला परतले असते.

“कमी आहे,” मी म्हटलं. “थोडी.”

ती हसली. अर्धा दात चमकला. “व्हय. पावाची निम्मी.”

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने पिशवी उचलून बघितली. “लई जड हाय. कुठं पोच करायचीय?”

“पोच करायला नेली होती,” मी म्हटलं. “घेतली नाही.”

घरी आल्यावर बूट कपाटात ठेवायचे होते. ते दाराशीच ठेवले. मग नीलूची वही काढली. तिच्या शेवटच्या ‘पाव कमी’खाली बरीच पानं कोरी होती. मी नऊ ओळी लिहिल्या. शेवटच्या ओळीत पावाचं निम्मं लिहिलं. अक्षर तिच्यापेक्षा चांगलं आलं, याचा मला उगाच आनंद झाला.

चार दिवसांनी माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. डाळीच्या भुकटीवरची उडी, मग रेघांवर धरलेला कॅमेरा, आणि खाली एक शब्द: ‘सांगा.’

मी तो सहा वेळा पाहिला, डोळे बारीक करून. मग वहीत ओळ लिहिली आणि तिला उत्तर पाठवलं: ‘इन्नोंदु.’