टाइल्सचं फूल

कामरगावचे शेषराव जन्मापासून आंधळे. पण तालुक्याच्या एका सरकारी कचेरीतल्या अर्ध्या खुर्च्या त्यांनीच विणलेल्या. वेताचं एक घर चुकलं, तरी अख्खी वीण उसवून ते पुन्हा बसत. फाटकापासून दारापर्यंत बरोब्बर बेचाळीस पावलं, हे त्यांच्या पायांना वीस वर्षांपासून पाठ होतं.

परवा कचेरीच्या साहेबांनी त्यांना फाटकातच गाठलं. "शेषराव, आता पावलं मोजू नका. तुमच्यासाठी खास उंचवट्याच्या टाइल्स बसवल्या. त्यांच्यावरून चाला, सरळ दारात जाल."

शेषराव हरखले. मोजणं सोडून ते टाइल्सवर पाय दाबत निघाले. थोड्या वेळानं काठी दगडी ओट्यावर आपटली. पुढे गेले, तर पुन्हा ओटा. मागून साहेबांचा आवाज आला, "चालू द्या, चालू द्या!" तिसऱ्यांदा काठी आपटली तेव्हा त्यांनी ओटा चाचपला. हाताला लोखंडी खांब लागला. तो झेंड्याचा ओटा होता. इतका वेळ ते त्याच्याभोवतीच फिरत होते! आता दार कुठल्या बाजूला, हेही कळेना. वीस वर्षांत पहिल्यांदा ते त्या आवारात हरवले होते.

"साहेब, हे काय करून ठेवलं जी?"

"अहो, नुसती सरळ पट्टी भकास दिसत होती. म्हणून ओट्याभोवती टाइल्सचं फूल काढलं. गच्चीवरून लय भारी दिसते!"

शेषराव आवाजाच्या दिशेनं वळले. मग त्यांनी विचारलं, "कोणाले?"