कुटाचे दोन डबे

आमच्याकडं कूट कशात नसतो ते सांगा. वांग्यात कूट, दोडक्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, उपासाच्या खिचडीत तर मूठभर. शेंगदाणे भाजायचे, साली पाखडायच्या, कुटून डबा भरून ठेवायचा. मी साताऱ्याकडच्या खेड्यात वाढले, चौथीपर्यंत शिकले आणि स्वयंपाक हाताला असा लागला. सांगलीला मुलाकडं राहायला आले तेव्हा तो हात बरोबरच आला.

नातीला शेंगदाणा चालत नाही हे ती तीन वर्षांची असताना कळलं. कुणीतरी चिक्कीचा तुकडा दिला. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, मग श्वास घुसमटायला लागला. दवाखान्यात नेलं म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं, घरात दाणा ठेवू नका. सुनेनं त्याच दिवशी डबा रिकामा केला, शेंगतेलसुद्धा काढून टाकलं.

मी मनात म्हटलं, शेंगदाण्यानं कधी कोण मेलंय का? बोलले नाही, सून सांगेल तसं वागले. भाजीला तिळाचा कूट घालायला लागले, तीळ तिला चालतात. दुपारी मुलगा कामावर गेला की मात्र घरात मी एकटीच. तिळाच्या कोशिंबिरीला चव लागत नाही. तीन वर्षं तसंच काढलं, मग खालच्या दुकानातून पावशेर दाणे आणले, भाजले, मिक्सरला लावले आणि डबा वरच्या फळीवर लोणच्याच्या बरणीमागं सारला. तिळाचा डबाही तसलाच, एका मापाचा. दाण्याचा संपला की पुन्हा भरायचे. असं वर्षभर चाललं.

सून इस्लामपूरला ऑफिसात जाते, एसटीनं साडेसातला येते. मुलगा माधवनगरला कारखान्यात, बहुतेक वेळा दुसऱ्या पाळीला. संध्याकाळचं जेवण माझ्याकडं. बाजार रविवारी होतो, त्यामुळं गुरुवार-शुक्रवारी फ्रीज उघडून बघत बसायचं. त्या गुरुवारी तीन वांगी होती, सुकलेला अर्धा कोबी आणि सकाळच्या कणकेचा गोळा. कोबी नात तोंडात घालत नाही. आता ती सात वर्षांची आहे, भूक लागली की घर डोक्यावर घेते.

"आज्जी, काय केलंस?"

"अजून काय न्हाई. वांगं करती."

"वांगं नको."

"मग मला खा."

कांदा-खोबरं भाजून वाटलं, फोडणी दिली, वांग्याच्या फोडी टाकल्या, हाताच्या सवयीनं कूट पडला, रस्सा मिळून आला. चपात्या लाटल्या. पोरीला ताट वाढलं आणि भांडी सिंकमध्ये टाकायला वळले, तर ओट्यावर दोन डबे शेजारी शेजारी उभे. दोन्हींची झाकणं उघडी. दुपारी जेवून मला झोप लागली होती, दाण्याचा डबा वर ठेवायचा राहिला होता. एकच चमचा, मध्ये आडवा पडलेला.

मी कुठल्या डब्यातला कूट घातला ते मला आठवेना.

धावत बाहेर गेले आणि पोरीच्या हातातला घास उडवला. ती रडायलाच लागली.

"किती खाल्लंस?"

"एकच घास! मारलंस का मला?"

"जीभ दाव. व्हट दाव."

ओठ लालसर दिसत होते. पण ते रडून का खाऊन, कसं कळणार? भाजी चाखली. हल्ली मला वास धड येत नाही, तिखट रश्शात तर तोंडाला दुसरं काही लागत नाही. सुनेला फोन केला. ती एसटीत होती. मला सांगावं लागलं.

"अगं, भाजीत दाण्याचा कूट पडला आसंल. एक घास खाल्लाय तिनं."

"कूट? आपल्या घरात?"

"मी आणला हुता."

ती म्हणाली, "कपाटातली डॉक्टरांनी दिलेली गोळी द्या. श्वास बघा. खालच्या काकूंना बोलवा, रिक्षा थांबवून ठेवा. आवाज बसला की लगेच निघायचं, माझी वाट बघायची नाही."

खालच्या मजल्यावरची बाई लगेच वर आली. तिच्या नवऱ्यानं दारात रिक्षा आणून उभी केली. बाईनं भाजीत बोट बुडवून चाटलं.

"आवं, तीळ हाईत की ह्यात!"

माझ्या जिवात जीव आला. तिनं पुन्हा बोट बुडवलं.

"का दाणंच हाईत?"

"नीट सांग की गं, रांडं."

"आवं, मसाला लय हाय तुमचा, कसं कळंल?"

मी पोरीला गोळी दिली, समोर बसवलं आणि पाढे म्हणायला लावले. आवाज बसला की कळेल म्हणून. दोनाचा, तिनाचा, चाराचा. मधे ती खोकली. मी तिला उचलून जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले सुद्धा. ती म्हणाली, "आज्जी, थुंकीनं ठसका लागला." खालची बाई हसली. मला हसू आलं नाही. पाचाचा पाढा झाला, सहाचा चुकला. साताचा तिला येतच नव्हता, मग दोनापासून परत. हातापायांवर गांधी उठल्यात का बघत होते. डास चावल्याचा एक फोड सापडला, त्याच्यावर बोट ठेवून बसले, वाढतोय का म्हणून.

काही झालं नाही. सून आली तेव्हा पोरगी पाढे म्हणून कंटाळून दूध-चपाती मागत होती. सुनेनं तिचे ओठ, गळा, पाठ सगळं बघितलं. खालच्या लोकांना पाठवून दिलं. दोन्ही डबे आणि भाजी एका पिशवीत घालून ती खाली टाकून आली. कढई दोनदा घासली. मी ओट्याला टेकून उभी होते.

"आत्या, किती दिवस आणताय?"

"वरीस झालं."

"माझं म्हणणं खोटं वाटलं तुम्हाला?"

"व्हय," मी म्हटलं. "खोटंच वाटलं."

तिनं हात पुसले. मी म्हटलं, "उद्यापासनं मी सैपाक करत न्हाई. तूच कर."

"मग करणार कोण? साडेसातला येऊन मी? पोरगी तोवर उपाशी?" ती म्हणाली. "तुम्हीच करायचा. काय घातलं ते आठवत नसेल तर घालताना मोठ्यानं म्हणा."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. फ्रीजमध्ये तो कोबीच होता. किसून, पीठ मिसळून त्याची थालीपीठं थापली. पोरगी ओट्याशी येऊन उभी राहिली, तिला आईनं सांगून ठेवलं होतं.

"आज्जी, म्हण."

"कोबी. ज्वारीचं पीठ. बेसन. मीठ. हळद. तिखट."

"आणि?"

"आणि काय न्हाई."

रोज असंच चाललंय. ती विचारते, मी म्हणते. तिला गंमत वाटते. भाजीत कधी कधी मी काहीच घातलेलं नसतं, फक्त मीठ आणि तेल, तरी ती पहिला घास गिळेपर्यंत माझ्याच्यानं खाली बसवत नाही. त्या दिवशी भाजीत तीळ होते का दाणे, ते अजून कुणाला माहीत नाही. भाजी टाकताना काही कळलं का, हे सुनेला विचारायचं मी सोडून दिलं आहे.