खालून तिसरी, वरून तिसरी

आज सकाळी आमची अख्खी गल्ली सुमनवहिनींच्या टीव्हीसमोर बसली होती. त्यांची लेक राजश्री परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कयाक चालवत होती. एकेकीची होडी, पाचशे मीटर, नऊ जणी. कृष्णाकाठच्या आमच्या शाळेत पाचवीला मी तिला शिकवलं होतं, म्हणून मला सगळ्यांत पुढं बसवलं.

पाण्यावर आखलेल्या नऊ पट्ट्यांत तिचा तिसरा. मी मास्तरीण, मीच पडद्यावर खालून मोजून “ती बघा आपली राजू” म्हणून दाखवली. दोन मिनिटांत ती होडी पहिली आली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, शेजारच्या काकूंनी साखर वाटायला घेतली.

वहिनींची नजर मात्र अजून टीव्हीवरच होती. शेवटी हळूच म्हणाल्या, “आवं बाई, आमची राजू वरनं तिसरी. आठवी आली.”

“मग आधी का नाही बोललात?”

“मी तिच्याकडं बघत व्हते न्हवं.”

दुपारी राजूचा फोन आला. वहिनींनी तो माझ्या हातात दिला.

“बाई, बघितलासा का? शेवटी शेवटी एकीला मागं टाकलं मी.”

“बघितलं गं. लय भारी,” मी म्हणाले.

खोटं बोलले. आता मोबाईलवर तीच शर्यत पुन्हा लावून बसले आहे, पहिल्या होडीकडं न बघता. शेवटच्या पन्नास मीटरला राजूनं खरंच एकीला मागं टाकलंय. तिथं बसलेल्या आम्हा सगळ्यांत ते एकट्या वहिनींनी बघितलं होतं.

राजू परत आल्यावर तिला खरं सांगू का? तुम्ही काय केलं असतं?