एक बोट की दोन बोटं

माझ्या खालच्या मजल्यावरचा माणूस नऊ वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला होता, हे मला कळलं ते त्याच्या कचऱ्यामुळे.

त्या वर्षी आमच्या जपानमधल्या, एदोगावातल्या इमारतीत कचऱ्याची 'तोबान', म्हणजे पाळी, माझ्याकडे होती. कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर आला, प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं काढली आहेत का, लेबलं सोलली आहेत का, हे बघायचं. इतर बिऱ्हाडं ही पाळी निमूटपणे, म्हणजे काहीही न बघता, पार पाडत. मी पडलो पुण्याचा. दुसऱ्याची चूक दाखवण्याचं काम अधिकृतपणे अंगावर येण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. मी त्याच दिवशी जाऊन लाल पेन आणलं.

दुसऱ्याच आठवड्यात झाकणांसकट कोंबलेल्या बाटल्यांची एक पिशवी सापडली. आत कुरियरचा कागद होता, त्यावरून घर कळलं. मी पिशवीवर चिठ्ठी चिकटवली, 'झाकणं वेगळी. लेबलं वेगळी. धुऊन.' आणि पिशवी नेऊन त्याच्या दारात ठेवली. बायको म्हणाली, "अरे, जपानी माणसंसुद्धा इतकं जपानी वागत नाहीत."

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर समोर नुसता टी-शर्ट. चेहरा चौकटीच्या वर राहिला होता. मग तो खाली वाकला आणि एक लालबुंद, दोनदा मोडून बसवलेल्या नाकाचा चेहरा आत आला. हातात तीच पिशवी.

"तपासून घे," तो म्हणाला.

एखाद्या भल्या माणसाने "अहो, कशाला" म्हटलं असतं. मी तपासली. बाटल्या धुतलेल्या, सोललेल्या, चेपलेल्या. एका बाटलीच्या तळाशी लेबलाचा नखाएवढा तुकडा होता. तो मी दाखवला. त्याने तो नखाने खरवडून काढला आणि म्हणाला, "रविवारी काय करतोस?"

तो ऑस्ट्रेलियन होता. बायको जपानी, ती इथल्या इस्पितळात नर्स. तो स्वतः जवळच्या बालवाडीत इंग्रजी शिकवायचा, म्हणजे दिवसभर पोरं त्याच्या दंडाला लोंबकळायची. आणि त्याआधी तो त्यांच्या देशाचा तो फुटबॉल खेळायचा, ज्यात पायाइतकाच हाताचाही वापर होतो. दर रविवारी नदीकाठच्या मैदानावर त्याची हौशी टीम जमायची. तिथे त्यांना गोल-अंपायर हवा होता.

"खेळ माझ्यापेक्षा जास्त समजणारे शंभर जण सापडतील तुला," मी म्हणालो.

"सगळे मित्र आहेत. मित्र खरं सांगत नाहीत. तू अनोळखी माणसाचा कचरा घरपोच परत केलास."

माझ्या स्वभावाबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं. मी हो म्हटलं.

खेळ असा. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू थेट लाथेने गेला तर गोल, सहा गुण. खांबाला लागला, बाजूच्या फटीतून गेला, किंवा वाटेत कोणाच्या बोटाला नुसता चाटून गेला, तर एक गुण. आणि हे ठरवायला खांबांच्या मध्ये पांढरा कोट घालून एक माणूस उभा. गोल झाला तर तो दोन्ही हातांची एक-एक तर्जनी पुढे काढतो आणि मग दोन पांढरे झेंडे हलवतो. एकच गुण असेल तर एक बोट, एक झेंडा. चेहऱ्यावरची माशी हलता कामा नये. आनंद नाही, दुःख नाही.

कोट मी सवलतीच्या दुकानातून आणला. तो प्रयोगशाळेतला होता आणि जपानी मापाचा, त्यामुळे पोटावरचं बटण लागत नव्हतं. झेंडे बायकोने जुन्या चादरीचे शिवले. चादरीवर फिकट मोगऱ्याची नक्षी होती, पण लांबून कळत नसे. मुलगी, वय अकरा, मला त्या वेषात बघून फक्त "पापा, हाझुकाशी" म्हणाली. म्हणजे लाज वाटते. ती मराठी समजते सगळं, पण मतं जपानीत देते.

पहिल्याच सामन्यात मी घोटाळा केला. चेंडू माझ्या डोक्यावरून सरळ गेला. गोल. सहा गुण. सहा म्हटल्याबरोबर माझे दोन्ही हात आपोआप आकाशाकडे गेले. पंचवीस वर्षं गल्लीत आणि कॉलेजात क्रिकेट खेळलेल्या माणसाला सहासाठी दुसरी खूण सुचतच नाही. एका खेळाडूला वाटलं मी मदत मागतोय, तो पाण्याची बाटली घेऊन धावत आला. खालच्या मजल्यावरचा माझा मित्र गवतावर आडवा पडून हसत होता. पुढचे दोन आठवडे तो रोज संध्याकाळी आमच्या घरी येऊन माझ्याकडून तर्जन्यांचा सराव करून घेत असे. "कंबरेपाशी हात. झटका दे. अजून एकदा." बायको कुकर लावता लावता म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरणारा माणूससुद्धा इतका ताठ उभा नसतो."

मैदानाकडे सायकलवरून जाताना त्याने मला त्याची कारकीर्द सांगितली. सायकल त्याला इतकी लहान व्हायची की गुडघे कानांशी येत. तो शेवटच्या फळीतला. काम एकच, दुसऱ्याला गोल करू द्यायचा नाही. नऊ वर्षं, शंभराच्या वर सामने, डावा गुडघा तीनदा उघडून शिवलेला. आणि त्याचे स्वतःचे गोल किती, तर शून्य.

"एकही नाही?"

"एकदा समोर कोणी नव्हतं. मी शेजारच्याला पास दिला."

"का?"

"सवय," तो म्हणाला.

त्याचे वडील शेतकरी. घरापासून मैदान चार तासांवर, तरी म्हातारा एकही सामना चुकवत नसे. सामना संपला की विचारायचा, "गुडघा कसा आहे?" गोलाबद्दल नऊ वर्षांत अवाक्षर नाही. "विचारलं असतं तर बरं झालं असतं," मित्र म्हणाला आणि सायकल पुढे काढली. तेव्हा मला कळलं की ते शून्य त्या माणसाच्या पोटात अजून दुखतंय.

यंदा डॉक्टरने त्याला सांगितलं, आता रविवारही बंद. शेवटचा एक सामना खेळायचा ठरलं. आणि त्याच सुमारास वडील, ऐंशी ओलांडलेले, आयुष्यात पहिल्यांदा जपानला आले. टीमने परस्पर ठरवून टाकलं की शेवटच्या पाव भागात याला पुढे खेळवायचं, खांबांच्या अगदी जवळ. त्याने खूप नाही म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

त्या दिवशी आमचं सगळं घर मैदानावर होतं. बायकोने बटाटेवडे केले होते. म्हातारबुवांनी घडीची खुर्ची आणून थेट माझ्या खांबाशेजारी मांडली. माझ्या कोटाकडे त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडे हा कोट आता कोणी घालत नाही. बरं वाटलं." मग त्यांनी चार वडे खाल्ले आणि हिरव्या चटणीने डोळ्यांत आलेलं पाणी बाहीने पुसलं. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला उन्हात त्रास नाही ना होत?" ते म्हणाले, "मी शेतात असतो." आमचं तेवढंच बोलणं झालं.

सामना आम्ही हरणार हे अर्ध्यातच ठरलं होतं. तीसच्या वर गुणांनी मागे होतो. त्यामुळे कोणी गुणफलकाकडे बघतच नव्हतं, सगळे त्याच्याकडे बघत होते. तो लंगडत पुढे आला. दोनदा चेंडू हाती आला आणि दोन्ही वेळा त्याने शेजारच्याला पास दिला. आमची अख्खी टीम डोक्याला हात लावून उभी राहिली. माझ्या मुलीने बाजूने मराठीत ओरडून सांगितलं, "अहो काका, स्वतः मारा ना." त्या सबंध वर्षातलं तिचं ते सर्वात लांब मराठी वाक्य.

त्याला मराठी येत नाही, पण तिसऱ्या वेळी त्याने मारला.

समोर एक जपानी गडी होता, बँकेत कामाला. अंगावर धावून येण्याआधी 'सुमिमासेन' म्हणून माफी मागणारा. त्याने उडी मारून हात वर केला. चेंडू आला, माझ्या डोक्यावरून बरोबर मधून गेला. पण त्याआधी मला आवाज आला. टक्. नखाचा. चेंडूने हवेत तीळभर अंग वळवलं. बँकवाल्याने आपल्या बोटाकडे बघितलं. एरवी अशा वेळी बचाव करणारा बेंबीच्या देठापासून ओरडतो, लागला, लागला म्हणून. याने म्हाताऱ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि बांधलेली बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला.

म्हणजे आता निर्णय माझा. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मित्र गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभा होता, मान वर. माझ्यासमोर दोन वाटा होत्या, एक बोट की दोन. ज्याने नखाएवढ्या लेबलासाठी माणसाला दारात अडवलं, त्याला वाटा दोन दिसायलाच नको होत्या.

मी दोन बोटं काढली.

मग झेंडे घेतले आणि मोगऱ्याची नक्षी दिसेल इतके हलवले. चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. टीममधल्या पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो पेलवेना, तेव्हा सगळेच खाली कोसळले. म्हातारबुवा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. मी सामन्याच्या गुणांच्या कार्डावर पेन्सिलीने गोलाची खूण केली. मला आनंद झाला होता आणि चोरी केल्यासारखंही वाटत होतं, दोन्ही खरं आहे.

घरी येताना बायकोने विचारलं, "झाला होता ना रे गोल?"

"मी दिला ना."

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला.

चार दिवसांनी वडील परत निघाले. मित्र बालवाडीत सुट्टी सांगायला गेला होता, म्हणून स्टेशनपर्यंत बॅग मी ओढली. फलाटावर म्हातारबुवांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा खरखरीत होता.

"मी खांबापासून सहा फुटांवर बसलो होतो," ते म्हणाले. "माझे गुडघे गेलेत. कान नाहीत गेले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"त्याला कळू देऊ नकोस. मी कधी गोलाचं विचारलं नाही, कारण मला गोल बघायचाच नव्हता. मी त्याला बघायला जायचो. पण हे त्याला सांगायचं राहून गेलं आणि तो उगाच झुरत बसला. आता सुटला. बरं केलंस."

मी त्यांना वचन दिलं. तेवढ्यात मित्र धापा टाकत आला आणि बापाला विमानतळावर घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात टी-शर्ट. तो वाकून आत आला. हातात सामन्याचं कार्ड होतं, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली. माझ्याच पद्धतीची. 'चुकीच्या डब्यात टाकलंय. परत.'

"बाबांचं विमान सुटलं," तो म्हणाला. "आता हे नीट कर."

"तुला कसं कळलं?"

"नऊ वर्षं दुसऱ्यांचे चेंडू बोटाने चाटवण्याचंच काम केलं मी. चेंडू कसा वळतो ते मला कळणार नाही?"

"मग तिथेच का नाही बोललास?"

"बाबा टाळ्या वाजवत होते." तो आमच्या सोफ्यावर बसला, सोफा कुरकुरला. "माझ्याकडे एक खरं शून्य आहे. त्याच्यापुढे खोटा एक कशाला लावू? मी तुला नेमलं होतं ते याचसाठी. फक्त बाबांना कळू देऊ नकोस. त्यांनी नऊ वर्षं वाट बघितली आहे."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. पण सकाळीच वचन दिलेलं. मी लाल पेन आणलं, गोलाची खूण खोडली, एक गुण लिहिला आणि खाली सही केली. आम्ही आणखी पाच गुणांनी हरलो. त्याने कार्ड नीट तपासलं, सही पुरेशी ठळक नाही म्हणाला, मी पुन्हा गिरवली.

आता दर रविवारी तो बापाला व्हिडिओ कॉल करतो. म्हातारबुवा न चुकता विचारतात, "अंपायर कुठे आहे?" मग तो फोन घेऊन वर येतो आणि माझ्यासमोर धरतो. मी हातातलं काम ठेवतो, ताठ उभा राहतो आणि दोन बोटं काढतो. तिकडे बाप खदखदून हसतो, फोनच्या मागे मुलगा हसतो. मी चेहऱ्यावरची माशी हलू देत नाही.