विमानतळावर घ्यायला कोण येणार?

कोपिला अधिकारीचा व्हिसा खरं बोलल्यामुळे गेला. नारायणगढच्या बाजारात हे सांगितलं तर लोक अजून हसतात. म्हणतात, व्हिसाच्या मुलाखतीत मनातलं बोलायचं असतं हे तिला कुठल्या शहाण्याने शिकवलं?

शिकवलं नव्हतं कोणीच. उलट निश्चल सरांच्या कन्सल्टन्सीत तिच्याकडून पोपटासारखी उत्तरं घोकून घेतली होती. हाच कोर्स का, हेच कॉलेज का, शिकून परत येणार का. सगळ्या पोरापोरींना तीच उत्तरं आणि तेच हसू. "तिकडे नातेवाईक आहेत का?" असं विचारलं की "नाही" म्हणायचं आणि तोंड मिटायचं. बाहेर म्हणजे नेमकं कुठल्या देशात, हे चितवन जिल्ह्यात आता कोणी विचारत नाही. बाहेर म्हणजे बाहेर. कोपिलाला तिथे नर्सिंग शिकायचं होतं. आमाच्या, म्हणजे आईच्या, लांबलेल्या आजारपणात इस्पितळात राहून राहून तिने ते मनाशी पक्कं केलं होतं आणि त्यापुढे तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

मुलाखत पडद्यावर झाली. घोकलेलं सगळं नीट वठलं. पलीकडची बाई खूश दिसली आणि उठता उठता सहज म्हणाली, "पहिल्यांदाच एवढ्या लांब येणार तू. विमानतळावर घ्यायला कोणी आहे का?"

हा प्रश्न सरांच्या घोकंपट्टीत नव्हता. कोपिलाचा चेहरा खुलला. "आहे ना! माझा भाऊ आहे तिथे. थमन दाइ."

अर्जात मात्र भाऊबहीण नाही असं लिहिलेलं. बाई परत खाली बसली. कोपिलाने भाईटीका, म्हणजे भाऊबीज, काय असते, सातरंगी टिळा कसा लावतात, दारात अक्रोड का फोडतात, सगळं जीव तोडून सांगितलं. बाईने मान डोलावत ऐकून घेतलं आणि नकार पाठवला: अर्जदाराचा भाऊ या देशात राहतो, आणि अर्जदाराने ही बाब लपवली.

आता हा थमन कोण? थमन विश्वकर्मा, लोहाराचा पोरगा. त्याचा बाप कोपिलाच्या घरचे विळे-कोयते धार लावून द्यायचा आणि वर्षाकाठी अंगणाच्या कडेला उभा राहून बलुत्याचं धान्य न्यायचा. कोपिला एकुलती एक. भाईटीकेला गावातल्या सगळ्या मुली भावांना मखमली फुलांच्या माळा घालत आणि ही आमाच्या पदराआड रडत बसे. शाळेच्या वाटेवर उंच गवतात गेंडे असायचे. थमन पुढे थाळी बडवत चालायचा, ही मागे. एका तिहारला, म्हणजे दिवाळीला, ही पोर माळ घेऊन थेट लोहाराच्या अंगणात गेली आणि त्याला टिळा लावून आली. त्यानंतर एकही वर्ष चुकवलं नाही; तो कामासाठी बाहेर गेल्यावरही त्याच अंगणात आसनावर फोन ठेवून टिळा करायची. बाप यज्ञप्रसाद अधिकारी दर वर्षी विटाळ धुवायला सोन्याची अंगठी बुडवलेलं पाणी तिच्या अंगावर शिंपडायचा, मगच तिला घरात घ्यायचा. "तो तुझा कोणी नाही," हे वाक्य तिने दर वर्षी त्या पाण्यासोबत ऐकलं. थमनने त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही. त्याला ओलांडू दिला नाही, असं म्हणा.

नकार आला तसे निश्चल सर कडाडले. "अगं, तुला घ्यायला कोण येणार हे त्या बाईला कशाला सांगायचं? टॅक्सी नाही का तिथे?"

"तिने विचारलं, सर."

"विचारलं म्हणून सांगायचं? आता असं कर, वॉर्डातून पत्र आण. हा माणूस माझा कोणी लागत नाही. खाली तुझी सही. तिहारच्या सुट्टीआधी अर्ज परत टाकू."

वॉर्ड कार्यालयात साधा जन्मदाखला काढायचा तर चपला झिजतात. हे पत्र चहा थंड व्हायच्या आत तयार झालं! वॉर्डाच्या अध्यक्षांनी साक्षीदारसुद्धा मागितला नाही. "अगं, यात साक्ष कसली? अख्खं गाव साक्ष आहे," ते हसत म्हणाले. "जात लिहायला कायदा आडवा येतो, म्हणून आडनाव लिहिलंय. बघ."

कोपिलाने वाचलं: दोघांची आडनावं भिन्न असल्याने त्यांच्यात हाडनाता किंवा अन्य कुठलाही संबंध नाही.

"रक्ताचं नातं नाही हे बरोबर," ती म्हणाली. "पण 'अन्य कुठलाही' हे खोडा."

"का गं बाई? दुसरा काय संबंध आहे?" अध्यक्षांनी अशा नजरेने विचारलं की शेजारचा कारकूनही फिदीफिदी हसला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? जन्मभर ज्यांनी त्या पोराला अंगणातून पुढे येऊ दिलं नाही, तेच आता शिक्का मारून तिला बाहेर पाठवायला निघाले होते. बापाने तर पत्र वाचून देवापुढे ठेवलं. "मी इतकी वर्षं हेच सांगत होतो. आता साहेबांनाही पटेल. कर सही."

थमनचा फोन आला, तोही तेच म्हणाला. "कर ना सही, बहिनी. गावाने मला तोंडावर सांगितलंय, तू कागदावर सांग. मी काय मरतो का तेवढ्याने?"

"गावाचं पाप गावाच्या डोक्यावर, दाइ. सही माझी आहे ना!"

"अगं वेडे, शिकायचं राहील तुझं."

"राहील," ती म्हणाली आणि देवापुढचं पत्र बिनसहीचंच राहू दिलं.

अर्जाची मुदत टळली. निश्चल सरांनी तिचं नाव वगळलं. आमा रडली. कोपिला आता गावच्या आरोग्य चौकीत मदतनीस आहे, सुया धुण्यापासून लस टोचायला बाळं धरण्यापर्यंत सगळं करते. नर्स म्हणून मात्र तिला कोणी हाक मारत नाही, आणि ते तिला रोज लागतं.

त्या वर्षीच्या भाईटीकेला ती लोहाराच्या अंगणात गेली नाही. तिने घरातल्या मधल्या खोलीत आसन मांडलं, तेलाची धार फिरवली, आणि आसनावर फोन ठेवून थमनला व्हिडिओ कॉल लावला.

"हे काय चाललंय?" बाप दारातून ओरडला. "त्याला घरात आणलंस? कोण लागतो तो तुझा?"

कोपिलाने नकाराचा कागद पुढे धरला. "वाचा, बा. तुम्हाला कागदच पटतात ना? एका अख्ख्या देशाच्या सरकारने लिहून दिलंय, हा माझा भाऊ आहे. याच्यापायी माझा व्हिसा गेला. आता तुमची अंगठी पाण्यात बुडवून बघा, हे अक्षर धुऊन निघतं का."

आसनावरच्या फोनमधून थमनचा आवाज आला. "बहिनी, आज आभाळाऐवजी छत दिसतंय. कुणाच्या घरात आहेस?"

"आपल्या," ती म्हणाली आणि अक्रोड फोडायला उंबऱ्यापाशी गेली. बाप तिथेच उभा होता. "सरका, बा," ती म्हणाली, आणि तो सरकला.