आबांच्या ताटाजवळची शेवग्याची सालं

जतला आमच्या घरामागं मोरीचं पाणी जिथं मुरायचं, तिथं शेवगा होता. टँकर चुकला की गल्लीत भांडणं जुंपायची, पण हे झाड कधी कुरकुरलं नाही. भांडी घासलेलं, कपडे धुतलेलं पाणी पिऊन ते शेंगांनी लगडायचं. आई सीमेपलीकडची, माहेरी सगळे कन्नड बोलणारे. इतकी वर्षं मराठीत संसार केला, तरी शेंगेला ती शेवटपर्यंत नुग्गीकाईच म्हणाली, आणि आम्ही तिला त्यावरून चिडवत राहिलो.

त्या झाडाचं आमच्याकडं काही वाया जात नसे. पाल्याची मुगाची डाळ घालून भाजी, फुलांची दाण्याचं कूट घालून, शेंगांची आमटी. उरलेला पाला ती सावलीत वाळवून चुरून ठेवायची आणि ज्वारीच्या पिठात मिसळायची. उन्हात वाळवला की त्यातला जीव जातो, असं तिचं म्हणणं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं मला हा पाला इतका खाऊ घातला, की मी शेळी झाले की काय असं वाटायचं. कॅल्शियम, लोह हे शब्द तिच्या तोंडी कधी नव्हते. बाळंतिणीच्या अंगात ताकद आली पाहिजे, एवढंच तिला कळत होतं आणि ते ती करून दाखवायची.

शेंगांच्या आमटीचा दिवस म्हणजे मजा असायची. शेंग दातांनी ओढून गर खायचा आणि चोखलेली सालं ताटाशेजारी ठेवायची. ज्याचा ढीग मोठा, तो जिंकला. आबा, माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले, हरणं त्यांना माहीत नव्हतं. पुढं माझी मुलं सुट्टीला जतला जायला लागली, तेव्हाही आजोबांचाच ढीग मोठा असायचा. आबांनी कवळी बसवली होती हे आम्हाला ठाऊक होतं. पण कवळीनं शेंगा खाणारा माणूस म्हणून मुलं त्यांच्याकडं आणखीच कौतुकानं बघायची.

आई गेली आणि आबा जतला एकटे राहिले. मी सांगलीला बोलावलं, तर म्हणाले, "तिथं येऊन काय करू? गॅलरीत बसून गाड्या मोजू व्हय?" मग मीच सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायला लागले. दर खेपेला त्यांचा सदरा जास्त ढगळ दिसायचा. शेवटी बळंच सांगलीला आणून डॉक्टरांना दाखवलं. रक्त कमी, वजन उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतोय, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. पोटात अन्न गेलं पाहिजे. असंच राहिलं तर यांना एकटं ठेवू नका."

आबांनी हे ऐकलं आणि माझ्याकडं बघितलं. जतचं घर सोडायचं म्हणजे त्यांना मरणच होतं. मलाही ते कळत होतं, पण मी तरी काय करणार?

त्याच संध्याकाळी मी दुकानातून शेवग्याच्या पावडरीचा डबा आणला. डब्यावर हिरवंगार पान आणि सगळ्या जीवनसत्त्वांची नावं. आबांनी वास घेतला आणि डबा परत माझ्या हातात दिला. "घोड्याला देत्यात का हे?" पुढच्या वेळी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरही हसले. म्हणाले, "दारात झाड आहे ना? मग भाजी खा, आमटी खा, वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागेल. औषध समजून नको, जेवण समजून खा."

मग मी काही दिवस जतला जाऊन राहिले आणि रोज शिजवायला घेतलं. आईसारखाच मसाला, आईचीच कढई. आबा शेंग बाजूला सारायचे, पाल्याची भाजी दोन घास चिवडायचे आणि दुधात कुस्करलेली भाकरी खाऊन उठायचे. मला वाटायचं, आईच्या हाताची चव येत नाही म्हणून घास उतरत नसेल. तिच्या आठवणीनं माझाही जीव गलबलायचा. पण एका दुपारी माझा संताप झाला. "खायचंच न्हाई म्हणता, तर रविवारी गाडी आणते. घराला कुलूप लावायचं आणि सांगलीला चलायचं," असं मी बोलून गेले. आबा ताटावरून उठले.

थोड्या वेळानं मी भांडी घेऊन मागं गेले. आबा मोरीच्या दगडावर पाठमोरे बसले होते. हातात कवळी होती आणि तिच्यात अडकलेली पाल्याची काडी ते हिराच्या काडीनं काढत होते. माझी चाहूल लागताच त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला.

"लागतंय का आबा?"

"ढिली झालीय. हिरड्या सोलून निघाल्यात."

"मग सांगायचं न्हाई? आणि शेंगा तर खात होता की तुमी. केवढा ढीग पडायचा."

टॉवेलाआडून ते म्हणाले, "मी कुठलं खातोय. तुझी आई चुलीपाशीच चमच्यानं गर काढायची, माझ्या आमटीत कालवायची. आन सालं आणून ताटाजवळ ठिवायची."

"का पण?"

"पोरं बघत्यात न्हवं."

मी भांडी तिथंच ठेवली आणि खाली बसले. आई आमच्यादेखत हे करत होती आणि आम्ही सगळे बसून ढीग मोजत होतो. तिची इतकी आठवण मला ती गेली त्या दिवशीही आली नव्हती.

संध्याकाळी शेंगा मऊ उकडल्या, गर खरवडून काढला आणि डाळीत घोटला. पाला काडीकाडी निवडून बारीक चिरला, दुप्पट वेळ शिजवला. भाकरी आमटीत कुस्करली, वर लिंबू पिळलं आणि ताट आबांपुढं ठेवलं.

त्यांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पाण्याची वाटी जवळ ओढली, कवळी काढून तिच्यात ठेवली आणि जेवायला लागले. "तुझ्या आईम्होरंच काढायचो," एवढंच म्हणाले. दातांशिवाय त्यांचा चेहरा अगदी लहान आणि म्हातारा दिसत होता. हा चेहरा आईनं रोज पाहिला होता आणि कुणाला पाहू दिला नव्हता. माझ्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

"रडतीस कशापायी?" आबा म्हणाले. "वाढ की आनखी."